धुळानं न घेतलेलं नाव

दोन हजार तेवीस साल होतं. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा आणि धुळा माझ्याहून एका पावसाळ्यानं मोठा. हे आमच्या आयांनी सांगितलेलं वय. शाळेच्या दाखल्यावर माझं वेगळंच आहे, आणि धुळाला तर दाखलाच नव्हता. त्या साली उन्हाळ्यात तो सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेला. माझ्या घरापासून तो दवाखाना चालत जाण्याजोगा. मी गेलो नाही. का गेलो नाही ते सांगणार आहे, पण त्याआधी धुळा काय चीज होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणारा एकतर मला शहाणा समजेल नाहीतर त्याला.

आम्ही धनगर. नातेपुत्याच्या अलीकडं माळावर आमची वस्ती. धुळा अंगानं काटकुळा, मान लांब, नाक पुढं आलेलं. डाव्या खांद्यावर घडी घातलेली घोंगडी बारा महिने असायची. भर उन्हात कुणी विचारलं, "धुळाबा, घोंगडी कशाला?" तर म्हणायचा, "उनाला सांगायला, की मी भ्यालो न्हाय." हसायचा तेव्हा तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. मागून बघणाऱ्याला वाटावं, हा रडतोय. आणि समोरच्या माणसाशी थेट बोलणं त्याला अवघड. बायकोला जेवण मागायचं तरी कुत्र्याला म्हणायचा, "मोत्या, भाकरी झाली का बघ की रं." मग हौसावैनी कुत्र्यालाच उत्तर द्यायची, "सांग तुज्या मालकाला, हात धू म्हणावं." एक कुत्रं गेलं की दुसरं यायचं, नाव मात्र मोत्याच.

दिवाळी झाली की आमचे दोघांचे वाडे एक व्हायचे. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं, चूलभांडी असा सगळा चालता संसार. घाटाकडं निघायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत माळावर. पुढं मी, मागं धुळा. अशी आमची निम्मी हयात गेली.

त्याचा खरा गुण, किंवा खोड म्हणा, होती ती आणेची. एकदा आण घेतली की संपलं. "बोललो ते बोललो," एवढंच म्हणायचा.

एकदा माळशिरसच्या बाजारातून येताना त्याच्या काखेत आजारी कोकरू होतं. कंडक्टर म्हणाला, "जनावर गाडीत चालत नाही. उतर खाली." धुळा उतरला. रस्त्यावर उभा राहिला आणि भरल्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या लाल गाडीच्या आत पुन्यांदा पाय ठेवणार न्हाय. आण हाय." आणि कोकरू घेऊन चालत वस्तीवर आला. पुढं हौसावैनीला ताप भरला, दवाखान्यात न्यायची वेळ आली. आम्हाला वाटलं, आता कसा जातो बघू. त्यानं बायकोला आत जागा बघून बसवलं, पदर नीट करून दिला, आणि स्वतः मागच्या शिडीनं टपावर चढून भाजीच्या पाट्यांत जाऊन बसला. कंडक्टर खालून ओरडतोय, "ओ बाबा, आत जागा हाय की." हा वरून म्हणतो, "आतचीच आण हाय. वरचं मी कुटं काय बोललोय?"

थोरल्या भावाशी बांधावरून वाजलं तेव्हाही तेच. "तुज्या घरचं पाणी पिणार न्हाय," म्हणाला. पुढं पुतण्याचं लग्न निघालं. सगळ्यांच्या आधी हा हजर. मांडवाचे वासे यानं उचलले, पंगतीत यानं वाढलं. भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाला, "ताक आण."

भाऊ म्हणाला, "ताकात पाणी नसतं व्हय रं?"

"ते तुज्या म्हशीला इचार. मी पाणी म्हणालो व्हतो."

भाऊ एवढा हसला, की भांडण तिथंच मिटलं. पण आण मिटली नाही. भावाकडं धुळा शेवटपर्यंत ताकच प्याला. ताक नसेल तर तहानलेला परत आला, पण पाणी नाही.

खुंट्याला बांधलेली शेळी दोरी पुरेल तिथवर चरत जाते, तसं त्याचं होतं. खुंटा उपटायचा नाही, दोरी तोडायची नाही, पण दोरीच्या टोकाला असलेला पालाही सोडायचा नाही. हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर जास्त लागतं.

माझी मेंढरं मी विकली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कुणी वाटून घ्यायला सांगूही नये. माळ राहिले नव्हते. जिथं आमची मेंढरं बसायची तिथं उसाचे फड उभे राहिले. वाटेवर कुणी बसू देईना. पोरांची शाळा होती. मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यावर वॉचमन लागलो, आणि ते काम मी ताठ मानेनं केलं. पण माझा वाडा मोडला आणि धुळाचा एकटा पडला. एकट्या वाड्याला रानात कोण निघू देतं? त्याला दुसऱ्यांच्या वाड्यामागं धाकट्यासारखं जावं लागलं. ते त्याच्या जिवाला लागलं.

मेंढरं विकली त्याच साली बिरोबाच्या जत्रेत, देवळाच्या पायरीवर, सगळ्या भावकीसमोर त्यानं मला अडवलं.

"इकलीस?"

"इकली."

"मला इचारलं न्हाईस."

"माजी मेंढरं. तुला काय इचारायचं?"

त्यानं परातीतला भंडारा, म्हणजे देवाची हळद, मुठीत घेतला. आमच्यात भंडारा उचलून घेतलेली आण म्हणजे कोर्टाचा कागद त्यापुढं फिका. म्हणाला, "बिरा हे नाव ह्या तोंडातनं आता पुन्यांदा निघणार न्हाय." बिरा म्हणजे मी. भंडारा कपाळाला लावला आणि गेला.

मी म्हटलं, नको घेऊ. तुझ्या नाव घेण्यावाचून माझं काय अडलंय?

आता गंमत बघा. पुढच्या जत्रेला मी गेलो तर हा येऊन माझ्याच शेजारी बसला. कुत्र्याला म्हणाला, "मोत्या, ह्या सोलापूरवाल्याला इचार, जेवलाय का."

मीही काही कमी नाही. म्हटलं, "मोत्या, सांग, जेवलोय."

"मोत्या, त्याला म्हणावं, सोलापूरचं पाणी लागलंय, पोट सुटलंय."

"मोत्या, त्याला सांग, तुज्या पोटात काय गेलं तर सुटंल."

त्याचे खांदे हलले. अशी आमची कितीतरी वर्षं गेली. जत्रेला जायचं, कुत्र्यामार्फत सुखदुःखाचं बोलायचं. पोरींची लग्नं, गुडघेदुखी, हौसावैनी गेली ते, सगळं मोत्याच्या कानावर घालून. लोक हसायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एवढं मात्र दिसायचं, की जत्रेत आरोळी उठायची, "बिरोबाच्या नावानं", तेव्हा धुळा तोंड मिटून असायचा, आणि "चांगभलं" म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. मला वाटायचं, म्हातारा झाला, अख्ख्या आरोळीला दम पुरत नाही.

मग शेवटचा मोत्या मेला. त्यानं दुसरं कुत्रं पाळलं नाही. पुढच्या जत्रेला आम्ही शेजारी बसलो खरे, पण बोलायला मधे कुणी नव्हतं. तो माझ्याकडं बघायचा, मी देवळाच्या शिखराकडं. त्यानं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. एकदा, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. नाही घेतलं. मी जत्रेला जाणं सोडून दिलं.

आता ते व्हिडिओचं. सोलापुरातल्या एका संस्थेनं मेंढपाळांच्या, घोंगडी विणणाऱ्यांच्या, जुन्या माणसांच्या मुलाखती घेऊन वेबसाइटवर टाकायचं काम काढलं होतं. तासन्‌तासांचे व्हिडिओ. पण त्यातून पाहिजे ते सापडेना. एखाद्याला कोकराच्या खोकल्यावर काय देतात एवढंच ऐकायचं असेल तर त्यानं सगळ्या म्हाताऱ्यांची गुऱ्हाळं ऐकत बसायचं का? मग त्यांनी यंत्र लावलं. यंत्र म्हणजे कॉम्प्युटरातलंच. ते व्हिडिओ ऐकतं आणि बोललेलं सगळं आपोआप लिहून काढतं. वेबसाइटवर शब्द टाकला की तो कोण कुठं बोललंय ते समोर येतं, बोट ठेवलं की व्हिडिओ नेमका तिथून बोलायला लागतो. आमची सून मनीषा त्याच ऑफिसात. यंत्राला पुस्तकातली मराठी चांगली समजायची, आमची अर्धी. अडेल तिथं मनीषा आणि तिच्या बरोबरच्या बाया ऐकून दुरुस्त करायच्या.

धुळाची मुलाखत हिवाळ्यात झाली होती. ती दुरुस्त करणं मनीषाच्या वाट्याला नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं होतं, "मामा, तुमच्या वस्तीवरचे धुळाबा लई बोललेत म्हणे. कॅमेरा बंद करू देईनात."

उन्हाळ्यात धुळाचा पोरगा सिदू माझ्या दारात आला. चप्पल न काढताच म्हणाला, "तात्या, आबाला दवाखान्यात घातलंय. छाती भरलीय. चला की जरा."

"त्यानं बोलावलंय?"

"बोलत न्हाईत कुणाशीच. दाराकडं बघत्यात."

"माजं नाव घेतलं?"

सिदू म्हणाला, "तुमाला ठाव हाय की तात्या त्यांचं."

"मग नाव घिऊन बोलवू दे. गुडघं मोडलं तरी यीन."

तो गेला. संध्याकाळी मनीषा ऑफिसातून आली. तिला सगळं कळलं होतं. "मामा, उठा. रिक्षा बोलावते," म्हणाली. मी म्हटलं, "आधी तुझं ते मशीन काढ. त्यात माझं नाव टाक."

मला काय वाटत होतं ते सांगतो. रानातली आमची निम्मी हयात त्यानं कॅमेऱ्यासमोर सांगितली असणार. मला वगळून ती सांगताच येत नाही. पुढं चालणारा कोण, वाट दाखवणारा कोण? एकदा तरी नाव आलंच असेल. आलं असेल तर मी आत्ता उठतो. नसेल तर त्यानं मला त्याच्या हयातीतून काढून टाकलं, मग मी कशाला जाऊ?

मनीषानं टाकलं. "काही नाही, मामा."

"काही नाही म्हणजे?"

"त्यांच्या एकाही व्हिडिओत हा शब्द आलेला नाही."

"तुझ्या यंत्राला ऐकू आलं नसंल."

"बिरू टाकलं, बिराप्पा टाकलं. नाही."

"बरं. मोत्या टाक."

मोत्या ढिगानं निघाला. मोत्या लांडग्यामागं धावला, मोत्या पुरातून पोहत आला, मोत्याचा कान फाटला. पानभर मोत्या.

"बघ," मी म्हटलं. "कुत्रं हाय. मी न्हाय."

"मामा, यंत्रात नाव नसलं म्हणून माणूस नाही असं कुठं असतं? ते तिकडं दाराकडं बघत पडलेत."

"बघू दे."

"तुम्ही दोघं एकाच मेंढीचं दूध प्यालेले दिसताय," असं म्हणून तिनं कॉम्प्युटर मिटला. त्याच आठवड्यात धुळा गेला. सिदू परत आला तेव्हा त्यानं चप्पल काढली, त्यावरूनच मी ओळखलं. मातीला गेलो. मूठभर माती टाकली. परत आलो.

पुढं जत्रा जवळ आली. संस्थेला वेबसाइटवर बिरोबाबद्दल जुनी माणसं काय काय बोललीत ते एका जागी मांडायचं होतं. जेवायला बसलो होतो. मनीषा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मामा, तुमचे धुळाबा देव मानत नव्हते का हो?"

"धुळा? भंडारा लावल्याशिवाय तोंडात घास घालत नव्हता."

"मग नवलच आहे. बिरोबा शब्द टाकला की सगळ्यांचे व्हिडिओ येतात. त्यांचा एकही नाही. आमच्या ऑफिसातली एक बाई म्हणाली, यंत्र चुकलं असेल, म्हणून तिनं पहिल्यापासून ऐकलं. थोरला म्हणतात, मालक म्हणतात, माळावरचा म्हणतात. इतके तास बोलले, पण बिरोबा काही म्हणाले नाहीत."

हातातला घास मी ताटात ठेवला.

माझ्या आईनं नवस करून मला मागितलं होतं आणि देवाचंच नाव ठेवलं होतं. बिरा म्हणा, बिरोबा म्हणा, नाव एकच. धुळानं त्या नावावर भंडारा उचलला होता. मग ते माझं असो नाहीतर देवाचं. माझ्यापायी त्यानं देवाचंही नाव सोडलं होतं. जत्रेत अर्ध्या आरोळीला मिटलेलं ते तोंड मला आठवलं. ज्या माणसाला टपावर बसलेलं मी बघितलं, ताक पिताना बघितलं, त्याच्या व्हिडिओत मी खुंटा शोधत बसलो. दोरी कुठवर गेलीय ते बघितलंच नाही.

मनीषाला म्हटलं, "मशीन आण. सोलापूरवाला टाक."

मोत्यापेक्षा मोठा ढीग निघाला.

ती एकेक लावत गेली. तोच आवाज, घशात खरखर. "मला वाटा कळत न्हवत्या. धुकं पडलं की मी आंधळा. फुडं त्यो सोलापूरवाला चालायचा, मी मागं शेवटच्या कोकराबरूबर. लोकं म्हणायची, धुळाचा वाडा. वाडा त्याचा व्हता." हे त्यानं मला कधी म्हटलं नव्हतं. मोत्यालासुद्धा नाही.

दुसरीकडं म्हणाला, "माजी थोरली पोरगी आडरानात झाली. अवकाळी पाऊस. आमच्या दोघांच्या बायका पालाखाली, आन सोलापूरवाला भाईर, पाठ करून, घोंगडी ताणून उभा. पोर रडस्तवर हलला न्हाय. घोंगडी भिजून धोंड्यावानी झाली हुती. तीच ही." आणि त्यानं खांद्यावरच्या घोंगडीवर हात ठेवला. मी ती घोंगडी पोरीला गुंडाळायला दिली होती आणि विसरून गेलो होतो. बारा महिने तो काय घेऊन फिरत होता ते मला तेव्हा कळलं.

शेवटच्या व्हिडिओत मुलाखत घेणारी बाई विचारते, "बाबा, हे सोलापूरवाले कोण? त्यांचं नाव काय?"

धुळा कॅमेऱ्याकडं बघतो. मग खांदे हलायला लागतात.

"नाव त्याला ठाव हाय की," म्हणतो. मग पुढं वाकून विचारतो, "बाई, तुमचं यंत्र बोललेलं सगळं लिवतं?"

"सगळं."

"आन न बोललेलं?"

"ते कसं लिहील, बाबा?"

"मग बरं हाय. त्याची सून तुमच्यातच हाय म्हणं. त्यो हुडकंल यात कवातरी. लई ताठ्याचा गडी हाय, आदी सवताचंच नाव हुडकंल. नाव सापडणार न्हाय, आन मग समजंल त्याला."

तो उठतो. घोंगडी खांद्यावर नीट करतो. चौकटीबाहेर जाता जाता थांबतो आणि ज्या बाजल्यावर बसला होता त्याची दुसरी बाजू हातानं झटकतो, कुणी बसणार असल्यासारखी. मग तो दिसत नाही. रिकामं बाजलं तेवढं राहतं.

मनीषा डोळे पुसत म्हणाली, "मामा, सोलापूरवाला आहे त्या प्रत्येक ठिकाणी तुमचं नाव जोडता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. मग कुणीही बिरा टाकलं की धुळाबा बोलायला लागतील."

"न्हाय जोडायचं."

"अहो पण का? आता काय राहिलंय?"

"त्यानं मरताना आण मोडली न्हाय. ती मोडणारं तुझं यंत्र कोण?"

तो व्हिडिओ मी परत लावायला सांगितला, बाजलं झटकतो तिथपासून. मग परत एकदा. तिसऱ्यांदा ती लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलं धोतर नेसलो आणि मनीषाबरोबर तिच्या ऑफिसात गेलो. त्यांनी मला आधी कितीदा बोलावलं होतं, आणि मी दर वेळी, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही, म्हणून हाकलून लावलं होतं. त्यांनी खुर्ची दिली. मी शेजारी आणखी एक मागितली आणि ती धोतराच्या सोग्यानं झटकली. कॅमेऱ्यामागची बाई म्हणाली, "आजोबा, नावापासून सुरुवात करा."

आण त्यानं घेतली होती, मी कसलीच घेतली नव्हती.

"धुळा," मी म्हटलं. यंत्राला नीट ऐकू जावं म्हणून परत एकदा, मोठ्यानं, "धुळा."